लाल फ्यूजच्या जागी

मित्रांनो, मी एक जुना फ्यूज बॉक्स आहे. झालं, मुरडलंत नाक? मुरडा, मला सवय आहे. एखाद्या जुन्या इंजिनानं आपली गोष्ट सांगायला घेतली असती, तर तुम्ही मांडी ठोकून बसला असता. हॉर्ननं नुसता घसा खाकरला असता तरी कान टवकारले असते. पण फ्यूज बॉक्स म्हणजे काय, तर डॅशबोर्डखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी अंधारात बसलेला एक काळा डबा. गाडी नीट चालते तोवर मी कुणाच्या खिजगणतीत नसतो. काही बंद पडलं की मात्र सगळे माझ्यावरच डाफरतात.

तरी ऐका. एका मुलीनं आपल्या बापासाठी केलेलं काम कसं जळून गेलं, एवढंच मला सांगायचंय. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी माझं काम समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गाडीच्या बॅटरीतून एक जाड केबल माझ्याकडे येते. तिच्यातला करंट मी वाटून देतो. एक वायर पुढच्या दिव्यांना, एक हॉर्नला, एक वायपरला, एक मागच्या दिव्यांना. प्रत्येक वायरच्या तोंडाशी माझ्या खाचेत एक फ्यूज बसलेला असतो. नखाएवढा रंगीत प्लॅस्टिकचा तुकडा आणि त्याच्या पोटात धातूची एक नाजूक पट्टी. वायरमधून जास्तीचा करंट धावायला लागला की ती पट्टी वितळते आणि रस्ता तोडून टाकते. फ्यूज दिव्याला वाचवतो असं पुष्कळांना वाटतं. साफ चूक! तो वायरला वाचवतो. बारीक वायरमधून न झेपणारा करंट गेला की ती तापते, तिच्यावरचं आवरण पाघळतं, आणि मग आग. म्हणून बारीक वायरला लहान फ्यूज आणि जाड वायरला मोठा. दहा अँपिअरचा लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा, तिसाचा हिरवा. लाल काढून हिरवा लावला तर फ्यूज जास्त सोसतो. वायर बिचारी होती तेवढीच सोसते. एवढी साधी गोष्ट, पण भल्याभल्यांच्या डोक्यात शिरत नाही.

माझ्याकडे राहायला येणारा प्रत्येक फ्यूज मरायला तयार होऊनच येतो. किती आले, किती गेले. एकाचंही कुणी कधी नाव काढलं नाही. "च्यायला, परत उडाला!" एवढंच काय ते त्यांच्या वाट्याला आलं.

माझा जन्म कारखान्यातल्या साच्यात झाला. माझ्यासारखे हजारो भाऊ एकाच दिवशी जन्मले, त्यामुळे त्याचं कौतुक सांगण्यासारखं काही नाही. माझी पहिली गाडी एका वळणावर चेपली आणि भंगारात गेली. तिथून मी एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या गॅरेजात आलो. त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. पत्र्याच्या डब्यात जुने रिले, तुटके स्विच आणि गंजलेले नटबोल्ट यांच्याबरोबर मी पडून होतो. आपलं आयुष्य संपलं अशी मनाची समजूत मी घातलीच होती.

तेवढ्यात एका हातानं मला उचललं. ग्रीसनं काळी झालेली बोटं, आखूड कापलेली नखं, अंगठ्यावर भाजल्याचा जुना डाग. तिनं माझ्या खाचांमध्ये फुंकर मारली, मला उजेडात धरलं आणि म्हणाली, "उस्ताद, हा मी नेते. बाबांच्या गाडीला."

उस्ताद तिला खारूताई म्हणायचे. कारण सीटखाली, डॅशबोर्डच्या आत, जिथं मोठ्या माणसाचा हात शिरत नाही, तिथं ती सुळ्ळकन शिरायची आणि हवी ती वायर दातात धरून बाहेर यायची. हे काम ती उस्तादांकडेच शिकली होती. तिचे बाबा एका लॉन्ड्रीची व्हॅन चालवायचे. धुतलेल्या चादरींची गाठोडी दवाखान्यात पोचवायची आणि मळक्या चादरी परत आणायच्या. तिची आई त्याच लॉन्ड्रीत इस्त्री करायची. व्हॅन म्हातारी होती आणि तिच्या वायरिंगची दशा विचारू नका.

"बाबा, ही गाडी आहे की केसांचा गुंता?" डॅशबोर्डच्या पोटातून तिचा आवाज आला.

बाबा दाराशी उपड्या बादलीवर बसले होते. "चालतेय ना? मग झालं."

"चालतेय म्हणून तर माझी पाचावर धारण बसलीय! अख्ख्या गाडीला मिळून एकच फ्यूज, आणि तोही कुणीतरी चंदेरी कागदात गुंडाळून ठेवलाय, म्हणजे उडायलाच नको. ही तुला रोज धड घरी आणते हेच नशीब."

"खारे, तू आहेस ना. मग मला काय धाड भरलीय?"

तिनं सगळं उपसून काढलं. एकही जुनी वायर ठेवली नाही. मला गुडघ्यापाशी चार स्क्रूंनी बसवलं आणि माझ्यापासून पार मागच्या दारापर्यंत नव्या वायरी ओढल्या. पुढच्या दिव्यांना जाड, मीटरच्या बारक्या दिव्याला बारीक. जिथं वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथं रबरी कडी, पत्र्याची धार लागू नये म्हणून. प्रत्येक वायरच्या टोकाला तिनं पांढऱ्या टेपचं इवलंसं लेबल लावलं आणि त्यावर पेनानं लिहिलं: हॉर्न. डावा इंडिकेटर. वायपर. अक्षर तिरकं होतं, पण वाचता येईल असं. मग सगळ्या वायरी एकत्र घेऊन तिनं काळी टेप गुंडाळत नेली, एकसारखी, घट्ट. मी कारखान्यातलं मशीनचं काम पाहिलंय, मित्रांनो. हे काम त्याच्या तोंडात मारेल असं होतं.

आणि मागच्या दिव्यांच्या वायरवर, लाल फ्यूजच्या त्या बारीक वायरवर, तिनं एक छोटा दिवा वाढवला. गाठोड्यांच्या वर, छताला. "तू मागे वाकून चाचपडत असतोस ना, कुठलं गाठोडं कुठल्या वॉर्डाचं म्हणून? आता लख्ख दिसेल." त्या दिव्याला तिनं लेबल लावलं: बाबांचा दिवा.

काम बघायला उस्ताद आले. त्यांनी सगळीकडे बोट फिरवलं. मग हॉर्नची वायर सोडवून तिचं उघडं टोक मुद्दाम पत्र्याला टेकवलं. टक्! माझ्यातला एक फ्यूज गेला. हॉर्न मुका झाला, बाकी सगळं चालू राहिलं.

"हं," उस्ताद म्हणाले.

"हं म्हणजे काय उस्ताद? पास की नापास?"

"हं म्हणजे माझ्या गाडीचं पण करून टाक एकदा."

ती नाचलीच. बाबांनी चष्मा काढून उगाचच पुसला. मी गेलेल्या फ्यूजबद्दल वाईट वाटून घ्यायला हवं होतं, पण त्या दिवशी मलाही काही वाटलं नाही. इतका आनंद मी नंतर कधी पाहिला नाही.

मग आमचे चांगले दिवस आले. बाबा दवाखान्याच्या मागच्या फाटकाशी गाडी लावायचे, दार उघडायचे आणि दिवा लावायचे. भर दुपारी ऊन रणरणत असलं तरी लावायचे. फाटकावरचा वॉचमन विचारायचा, "अहो, दिवसाढवळ्या दिवा कशाला?" बाबा त्याच प्रश्नाची वाट बघत असायचे. "पोरीनं केलाय. सगळी गाडी पोरीनं केलीय. वाकून बघा तर खरं, कशी टेप मारलीय!" वॉचमन बिचारा रोज वाकून बघायचा आणि रोज वा वा म्हणायचा.

पुढचं मला भरभर सांगू द्या. सावकाश सांगायला गेलो तर माझ्याच्यानं होणार नाही.

तिला ताप आला. साधाच आहे म्हणून ती गॅरेजात जात राहिली. मग एका दुपारी बाबांनी तिला उचलून व्हॅनच्या मागे आणलं आणि इस्त्रीच्या चादरींच्या गाठोड्यांवर निजवलं. आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. बाबांनी दिवा लावला. माझ्यातल्या लाल फ्यूजमधून तो करंट गेला, मला आठवतंय. आम्ही त्याच दवाखान्यात गेलो, फक्त या वेळी पुढच्या फाटकानं. बरेच दिवस ते दोघं आलटून पालटून जात-येत राहिले. मग एक दिवस दोघं एकत्र आले आणि दोघंच आले. बाबांनी किल्ली फिरवली. मी सगळ्यांना करंट दिला. मला दुसरं येतं तरी काय?

त्यानंतर बाबांचं बोलणंच आटलं. काम मात्र सुटलं नाही. तोच दवाखाना, तेच मागचं फाटक, त्याच पांढऱ्या चादरी. गाठोडी उतरवून झाली की ते मागे त्या दिव्याखाली बसायचे आणि डोक्यावरून जाणाऱ्या त्या काळ्या टेपवरून बोट फिरवत राहायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. लेबलं वाचायचे. वॉचमन आता काही विचारत नव्हता.

अशात लॉन्ड्रीनं गाडीत लोखंडी रॅक बसवून घेतला. वेल्डिंगवाला आला, ड्रिल मारलं, स्क्रू पिळले आणि गेला. त्याचा एक लांब स्क्रू पत्र्यातून पलीकडे निघाला आणि टेपमधून आत घुसून मागच्या दिव्यांच्या वायरला टेकला. कुणाला दिसला नाही. गाडी भरलेली असली आणि खड्ड्यात आदळली की स्क्रूचं टोक आतल्या तांब्याला लागायचं. तांबं पत्र्याला भिडलं की करंटला मोकळं रान मिळतं. टक्! लाल फ्यूज गेला.

बाबा मागे गेले. दार उघडलं. अंधार.

तो दिवा विझलेला पाहून त्या माणसाच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी विसरू शकत नाही. त्यांनी धावत येऊन नवा लाल फ्यूज बसवला. दिवा लागला. पुढच्या खड्ड्याला पुन्हा टक्. पुन्हा नवा. मित्रांनो, माझे लाल फ्यूज एकामागून एक जीव देत होते. ते एकच गोष्ट ओरडून सांगत होते, की वायरला कुठंतरी जखम झालीय, बघा. पण आमची भाषा कोण ऐकतो?

शेवटी आईच म्हणाली, "अहो, उस्तादांना दाखवा. तिचं काम असं सारखं बंद पडणारं नव्हतं. काहीतरी झालंय."

उस्ताद आले. टेस्टर लावला, गाडी हलवून पाहिली आणि मान डोलावली. "दादा, मागच्या वायरला कुठंतरी शॉर्ट आहे. टेप सोडून बघावं लागेल."

"टेपला हात लावायचा नाही," बाबा म्हणाले.

"अहो, पूर्ण नाही. थोडी थोडी सोडतो, परत मारून देतो."

"तुम्ही माराल. ती नाही."

उस्तादांनी बाबांना जवळ बोलावून टेपचं टोक दाखवलं. "हे बघा. दर हातभर अंतरावर तिनं टेप तोडलीय आणि टोक दुमडून ठेवलंय. का? पुढं कधी कुणाला उघडायची वेळ आली, तर नखात पटकन सापडावं म्हणून. मीच शिकवलंय तिला. पोरीनं हे उघडण्यासाठीच केलंय, दादा."

बाबांनी त्या दुमडलेल्या टोकावर हात ठेवला. "इथं तिचा अंगठा लागलाय," ते म्हणाले. "शेवटचा."

उस्तादांनी त्यांना आणखी एक उपाय सांगितला. जुनी वायर आहे तशी राहू द्यायची, माझ्याकडून तिला करंट द्यायचाच नाही. बाहेरून नवी वायर टाकायची आणि दिवा तिच्यावर लावायचा. किती सोपं होतं! मी आतल्या आत म्हणत होतो, हो म्हणा, बाबा, हो म्हणा.

"मग तो दिवा तुमचा झाला की," बाबा म्हणाले. "तिचा कसा राहील?"

उस्तादांनी हात टेकले. जाताना एवढंच म्हणाले, "निदान लाल सोडून दुसरा फ्यूज लावू नका. माझी शपथ आहे."

बाबांनी निळा आणला. काही दिवस टिकला. मग पिवळा आला, मग हिरवा. स्क्रू रोज थोडा आणखी आत रुतत होता. तिथला तांब्याचा भाग तापून तिच्या टेपला आतून चटके बसत होते, आणि मी सगळं सोसत बसलो होतो, कारण ओरडायला माझ्याकडे फ्यूजशिवाय दुसरं तोंड नाही. शेवटी हिरवाही गेला. त्या सकाळी बाबांनी दुकानातून काही आणलं नाही. खिशातून तांब्याच्या जाड तारेचा एक तुकडा काढला, पक्कडीनं वाकवला आणि माझ्या लाल फ्यूजच्या खाचेत ठोकून बसवला.

माझं तोंड बंद झालं.

थोड्या वेळानं आई पुढच्या सीटवर येऊन बसली. रोज सकाळी बाबा तिला लॉन्ड्रीत सोडायचे. वाटेत मोठा खड्डा आला. गाडी आदळली. आईनं मागे वळून पाहिलं. दिवा चालू होता.

"आज उडाला नाही वाटतं?"

"नाही. आता उडणारच नाही."

"उस्तादांकडून करून घेतलंत?"

"हं."

"बरं झालं बाई. त्यांच्या हाताखाली शिकली ती. त्यांनीच हात लावलेला बरा." बाबा समोर रस्त्याकडे बघत राहिले.

त्याच आठवड्यात ते झालं. दुपारची वेळ होती. गाडी चादरींनी गच्च भरलेली. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत स्पीडब्रेकरवर गाडी उडाली, आणि या वेळी स्क्रू तांब्यात अडकून बसला तो सुटलाच नाही. बारीक वायरमधून नको तेवढा करंट धावायला लागला. तिथं लाल फ्यूज असता तर त्यानं डोळ्याचं पातं लवायच्या आत जीव दिला असता आणि गोष्ट संपली असती. तार काही मरत नाही. ती निर्लज्जासारखी सगळं जाऊ देत राहिली. बॅटरीजवळ एक मोठा फ्यूज होता, पण तो सगळ्या गाडीचा भार पेलणारा. एका बारीक वायरीच्या कण्हण्यानं तो कशाला दचकतोय?

बाबांना जळका वास आला. त्यांना वाटलं, बाहेर कुणी कचरा पेटवलाय. त्यांनी आरशातून मागे पाहिलं. दिवा मिणमिणत होता, पण होता. दिवा आहे म्हणजे ठीक आहे, असं त्यांना वाटलं असावं.

तिनं सगळ्या वायरी मायेनं एकत्र बांधल्या होत्या. तापलेल्या वायरीनं शेजारणींची आवरणं वितळवली. हॉर्नचा फ्यूज उडाला, वायपरचा उडाला, इंडिकेटरचा उडाला. माझे बाकीचे सगळे आपापलं काम चोख करून गेले. एकच वायर जळत राहिली, पुढून मागे आणि मागून पुढे. मग डॅशबोर्डखालून धूर आला आणि मागे चादरींनी पेट घेतला.

वॉचमन फाटकातून आग विझवायचा लाल सिलिंडर घेऊन धावत सुटला. "उतरा! अहो, खाली उतरा!" बाबा उतरले होते, पण उतरून पुन्हा आत वाकले. दोन्ही हात डॅशबोर्डखाली घातले. वितळणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये बोटं खुपसून ते तिची वायरिंग ओढून काढायला बघत होते. "निघ! निघ ना गं!" असं ते ओरडत होते. वायरीला ओरडत होते की कुणाला, मला सांगता येणार नाही. त्या ओढाताणीत माझ्या खालचं प्लॅस्टिक फाटलं आणि मी त्यांच्या हातात आलो. वॉचमननं त्यांना कॉलरला धरून मागे खेचलं.

एवढ्या आगीतून त्यांनी काय वाचवून आणलं, तर मला.

दोन्ही हातांना बँडेज बांधून बाबा फाटकाच्या पायरीवर बसले होते. आई लॉन्ड्रीतून तशीच आली होती, अंगावर कामाचा एप्रन घालून. आग विझल्यावर उस्ताद व्हॅनच्या सांगाड्यात शिरले. तिची टेप नव्हती. लेबलं नव्हती. नुसत्या नागड्या काळ्या तारा छताला लोंबत होत्या. बऱ्याच वेळानं ते स्क्रू हातात घेऊन बाहेर आले.

"हा रॅकचा. वायरमध्ये घुसला होता."

"अक्षर?" बाबांनी विचारलं. "एखादं तरी लेबल? एक?"

उस्तादांनी नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी मला उचललं आणि माझ्या खाचेत पाहिलं. तार त्यांना दिसली. त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान खाली घातली.

आईचं लक्ष त्या स्क्रूवर होतं. "पण उस्ताद, तुम्ही काम केलं होतंत ना? तेव्हा हा दिसला नाही तुम्हाला?"

मला वाटलं, आता फुटणार सगळं. मी उस्तादांच्या हातात होतो. त्यांनी हळूच माझं झाकण लावून टाकलं.

"नाही दिसला, वहिनी," ते म्हणाले. "म्हातारा झालो."

मग आई जे म्हणाली, ते ऐकून मी जळून गेलो असतो तर बरं झालं असतं. "तिनं तुम्हाला गुरू मानलं होतं. तिच्या एवढ्याशा कामाकडे तुमच्याच्यानं नीट बघवलं नाही? आता आमच्या दारात येऊ नका." उस्तादांनी मला बाबांशेजारी ठेवलं, स्क्रू खिशात टाकला आणि ते चालू लागले. आई बाबांशेजारी बसली आणि बँडेजवरून त्यांच्या हाताला हात लावून म्हणाली, "ती गेली तेव्हाही आपल्या हातात काही नव्हतं हो. आताही नव्हतं. नका जिवाला लावून घेऊ." बाबा हुंदके देऊन रडायला लागले. आईला वाटलं, ते लेकीसाठी रडतायत.

आता मी त्यांच्या घरी असतो. खोलीतल्या लाकडी कपाटावर, घड्याळाशेजारी. बाबांची बोटं पुरती मिटत नाहीत. ते आता लॉन्ड्रीत चादरी मोजून देण्याचं काम करतात. रोज सकाळी निघण्याआधी आई माझ्यावरची धूळ झटकते आणि हलकेच मला थोपटते. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. कारण, मित्रांनो, मी खारूताईच्या हातचा नाही हो! मी साच्यातून निघालेला डबा. तिचं अक्षर माझ्यावर नाही, तिची टेप माझ्यावर नाही. उस्तादांचं नाव या घरात निघत नाही. रस्त्यात समोर आले तर आई तोंड फिरवते, आणि ते मान खाली घालून बाजूला होतात, असं मी तिच्याच तोंडून ऐकलंय.

तुमच्या घरी गाडी असेल तर माझं एवढं ऐका. फ्यूज उडाला तर त्याच्यावर चिडू नका. तो का उडाला ते विचारा. जेवढ्याचा होता तेवढ्याचाच नवा लावा आणि जखम कुठं आहे ती शोधा. आणि एखाद्या लाडक्या माणसानं केलेली वस्तू तुमच्याजवळ असेल, तर ती उघडू द्या, दुरुस्त होऊ द्या. तिला जपायचं म्हणून तिची जखम झाकून ठेवू नका. मी हात जोडले असते, पण मला हात नाहीत.

काल आईनं मला पहिल्यांदाच खाली उतरवलं. ओलं फडकं घेऊन ती माझ्यावरची काजळी पुसत बसली. झाकण उघडलं. लाल फ्यूजच्या खाचेशी तिचं बोट थांबलं. तिनं नखानं खरवडलं तशी आतली तार चकाकली. कुणीतरी हातानं वाकवून बसवलेली, हे तिलाही कळलं. तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

"अहो, हे बघा! हे तर जळालं नाही." ती मला घेऊन लगबगीनं बाबांपाशी गेली. "हे तिच्या हातचं आहे ना हो?"

बाबा खिडकीशी बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हो म्हणाले असते तर ती आयुष्यभर मला उराशी धरून बसली असती.

"नाही," बाबा म्हणाले. "ते माझ्या हातचं आहे."